घरगुती ऑर्किडच्या पानांवरील बिघाडाचें निदान

ऑर्किड किंवा आमर हें पुष्पझाड एके काळीं शौकिनांच्या काचगृहांतच पाहावयास मिळे. आज तशी स्थिति राहिलेली नाहीं. डेंड्रोबियम, फॅलेनॉप्सिस व व्हँडा ह्या वर्गांतील रोपें आतां लहान गांवच्या बाजारांतहि येतात. कोणी तीं ओटीवर कुंडींत ठेवतो, कोणी पडवीच्या वाशास टांगतो, कोणी सुपारीच्या खोडास बांधतो, तर कोणी सावलीच्या जाळीखालीं शेंपन्नास झाडें लावून फुलें विकूं पाहतो. भात, आंबा, द्राक्ष किंवा ऊंस ह्यांचें पान पाहतांच झाडास काय झालें आहे हें सांगणारे आमचे कित्येक वाचक आहेत. परंतु ऑर्किडचें पान त्यांसहि कोड्यांत टाकतें. डाग दिसला कीं "ह्यावर काय फवारावें?" हाच प्रश्न प्रथम निघतो. आमच्या मतें तो प्रश्न दुसरा होय. पहिला प्रश्न "हें कशानें झालें?" हा असला पाहिजे.

असें म्हणण्यास कारण आहे. घरगुती ऑर्किडच्या पानांवर जो बिघाड दिसतो, त्यांतील बराचसा रोगाचा नसून पाणी, ऊन व खत ह्यांच्या कमीअधिकपणाचा असतो, आणि तो कोणत्याहि औषधानें बरा होत नाहीं. उलट जो खरोखर रोगाचा असतो, त्यांतील एक-दोन रोग पावसाळ्यांत चार-आठ दिवसांत झाडाचा शेवट करतात. तेथें विचार करीत बसण्यास सवड नसते. तेव्हां धीर कोठें धरावयाचा व घाई कोठें करावयाची, हें ठरविण्याकरितां निदान अवश्य आहे.

शिवाय ह्या झाडाचें भांडवल फार थोडें असतें. द्राक्षाच्या वेलीवर शेंकडों पानें असतात. त्यांतील दहा-वीस गेलीं तरी वेल तीं भरून काढतो. फॅलेनॉप्सिसच्या निरोगी झाडास बहुधा चार ते सहा पानें असतात, आणि वर्षांत दोन-तीनच नवीं येतात. एक पान गेलें म्हणजे झाडाचा पांचवा हिस्सा गेला असें समजावें. ऑर्किडच्या पानावर पडलेला व्रण पुन्हा हिरवा होत नाहीं. तो पान गळेपर्यंत तसाच राहतो. म्हणून उपाय लागू पडला कीं नाहीं हें जुन्या डागावरून न पाहतां पुढें येणाऱ्या नव्या पानावरून पाहावें लागतें, आणि तें पान येण्यास महिने लागतात. चुकीच्या उपायाची चूक कळून येईपर्यंत अर्धें वर्ष निघून जातें, तें ह्यामुळेंच.

झाडाची प्रकृति

निदान करण्यापूर्वीं झाडाची प्रकृति ओळखली पाहिजे. आपण पाळतों तीं बहुतेक ऑर्किडें मातींत वाढणारीं नव्हेत. तीं वृक्षाच्या खोडावर व फांद्यांवर राहणारीं आहेत. परंतु तीं बांडगुळाप्रमाणें वृक्षाचा रस शोषीत नाहींत. केवळ आधार घेतात. आपल्या सह्याद्रींतील सीतेची वेणी हें ऑर्किड आंब्याफणसाच्या खोडावर ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस हें सहज पटेल. पावसाळ्यांत तिच्या मुळांवर दिवसांतून दहा वेळां सर येऊन जाते. परंतु पाऊस थांबतांच वाऱ्यानें तीं मुळें सुकूं लागतात. भिजणें आणि सुकणें, ही त्या मुळांची नित्याची राहणी आहे. सतत भिजून राहणें तिच्यांत नाहीं.

ह्या मुळांवर स्पंजासारखें पांढरें आवरण असतें. तें कोरडें असतां रुपेरी दिसतें, आणि भिजलें कीं हिरवट होतें. घरांतील झाडास पाणी हवें कीं नको हें सांगणारी ह्याहून चांगली खूण नाहीं. ऑर्किड मातींत किंवा शेणमातींत लावलें तर मुळांस हवा मिळत नाहीं व तीं कुजतात. म्हणून कोळसा, विटांचे तुकडे, नारळाचें सोडण किंवा झाडाची साल ह्यांत तें लावण्याची रीत आहे.

वाढीच्या दृष्टीनें दोन प्रकार ध्यानांत ठेवावे. फॅलेनॉप्सिस व व्हँडा ह्यांस एकच शेंडा असून नवें पान नेहमीं वरच्या गाभ्यांतून येतें. अर्थात् सर्वांत खालचें पान सर्वांत जुनें. डेंड्रोबियमचा प्रकार निराळा. त्यास बुडाशीं दरवर्षीं नवें कांडें फुटतें, आणि जुन्या कांड्यांवरचीं पानें कालांतरानें गळतात. पहिल्या प्रकारांत शेंडा गेला तर बहुधा झाड गेलें. दुसऱ्यांत एक कांडें गेलें तरी बाकीचीं राहतात. रोगाची भीति किती बाळगावी हें ह्या भेदावर अवलंबून आहे.

फॅलेनॉप्सिसचें सर्वांत खालचें एकच पान सावकाश व सारखें पिवळें होऊन सुकलें आणि बाकीचीं टणक राहिलीं, तर तें वार्धक्य होय. डेंड्रोबियमच्या जुन्या कांड्यावरचीं पानें हिंवाळ्यांत गळालीं तरी तसेंच समजावें. ह्यावर औषध शोधूं नये, व तें पान ओढून तोडूंहि नये. आपोआप सुटूं द्यावें. तींच कांडीं पुढें फुलें देतात किंवा नव्या कोंबास अन्न पुरवितात, म्हणून पानें नाहींत एवढ्यावरून कांडें कापून टाकणें हा अन्याय होय.

परीक्षेचा क्रम

वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, मग विचारतो. त्याचप्रमाणें पानाची परीक्षा ठराविक क्रमानें करावी. आम्ही पुढील पांच प्रश्न सुचवितों.

पहिला प्रश्न : बिघाड कोणत्या पानावर आहे? केवळ जुन्या पानावर असेल तर वय, क्षारांचा साठा किंवा अन्नाची उणीव. केवळ कोवळ्या पानावर असेल तर कूज, कीड किंवा हवेचा कोरडेपणा. सर्व पानांवर सारखाच असेल तर मुळांकडे लक्ष द्यावें.

दुसरा प्रश्न : पानाच्या कोणत्या भागावर आहे? उन्हाकडे तोंड असलेल्या उंच भागावर, टोंकावर, पानाच्या बेचक्यांत, कीं खालच्या अंगास?

तिसरा प्रश्न : डाग कोरडा आहे कीं ओला? बोटानें हळूच दाबून पाहावें. कागदासारखा कोरडा डाग आपणांस विचार करण्यास सवड देतो. बोट आंत जाईल असा मऊ, पाणी सुटलेला डाग सवड देत नाहीं.

चौथा प्रश्न : डाग वाढतो कीं स्थिर आहे? ह्याकरितां साधी युक्ति आहे. शाईच्या लेखणीनें डागाच्या कडेस बाहेरून बारीक रेघ ओढावी व कुंडीवर तारीख लिहावी. आठ दिवसांत डाग रेघेच्या आंतच राहिला, तर त्याचें कारण होऊन गेलेलें आहे. रेघ ओलांडली, तर कारण अद्याप चालू आहे. ओल्या डागाकरितां मात्र आठ दिवस थांबावयाचें नाहीं; दुसऱ्या दिवशींच पाहावें.

पांचवा प्रश्न : मुळें कशीं आहेत? हा प्रश्न लोक टाळतात, कारण त्याकरितां झाड कुंडींतून काढावें लागतें. परंतु पान हें बहुधा मुळांची फिर्याद सांगत असतें, आणि मूळ न पाहतां केलेलें निदान अर्धवटच राहतें.

उन्हाचा चटका

उन्हानें पोळलेल्या पानावर प्रथम फिकट पिवळा किंवा पांढरा पट्टा उमटतो, मग तो भुरका किंवा काळा होऊन कागदासारखा सुकतो. त्याची कड स्पष्ट असते; तो पानाच्या त्याच भागावर असतो, जो उन्हाकडे उंचावलेला आहे; आणि तो पुढें वाढत नाहीं. शेजारच्या कुंड्यांवर त्याच दिशेस तसेच डाग असतील तर शंकेस जागाच उरत नाहीं. सावलींतली कुंडी एकदम बाहेर आणल्यानें, अथवा मार्चपासून पश्चिमेचें ऊन पडवींत शिरूं लागल्यानें हें घडतें. दुपारीं पान हातास सभोंवारच्या हवेहून कढत लागलें, तर डाग पडण्यापूर्वींच सावध व्हावें.

उपाय म्हणजे सावली आणि वारा. फॅलेनॉप्सिसला सुमारें ७५ टक्के सावली देणारी जाळी, आणि डेंड्रोबियमला सुमारें ५० टक्क्यांची, हें प्रमाण बहुधा मानवतें. व्हँडास त्याहून अधिक उजेड चालतो, परंतु तोहि हळूहळू वाढवावा. पोळलेला भाग कोरडा असेल तर कापूं नये. उरलेलें हिरवें पान झाडाच्या उपयोगाचें आहे.

येथें रंगाचीहि परीक्षा सांगतों. पान पिवळसर हिरवें व कडेस तांबूस झालें तर उजेड अधिक होत आहे; गर्द हिरवें, लांबट व लवचिक झालें तर उजेड अपुरा आहे. गर्द हिरवें पान पाहून आपण संतोष मानतों, कारण भाताच्या शेतांत तीच खूण चांगली. ऑर्किडच्या बाबतींत मात्र तें झाड फुलावयाचें नाहीं असें समजावें.

मलूल पान

आतां ज्या ठिकाणीं सर्वांत अधिक झाडें मरतात, तेथें आलों. फॅलेनॉप्सिसचीं पानें मऊ पडून लोंबूं लागलीं, त्यांवर उभ्या सुरकुत्या आल्या, डेंड्रोबियमचें कांडें चिमलें, तर झाडास पाणी मिळत नाहीं हें खरें. परंतु पाणी न मिळण्याचीं कारणें दोन आहेत व तीं परस्परविरुद्ध आहेत. एक, पाणी घातलेंच गेलें नाहीं. दुसरें, पाणी इतकें घातलें गेलें कीं मुळें कुजलीं, आणि आतां कुंडींत पाणी असूनहि तें वर नेण्यास कोणी उरलें नाहीं. दोहोंचें पान एकसारखेंच दिसतें. मलूल पान पाहून मनुष्य स्वाभाविकपणें पाणी घालतो; पहिल्या झाडास तें अमृत होतें, दुसऱ्यास विष.

म्हणून मलूल पान दिसलें कीं झारी हातीं घेण्यापूर्वीं झाड कुंडींतून काढावें. मुळें रुपेरी, टणक व कुंडी हातास हलकी असेल, तर झाड तहानलेलें आहे. कुंडी पंधरा-वीस मिनिटें पाण्यांत बुडवून ठेवावी व पूर्ण निथळूं द्यावी. असें दोन-तीन वेळां केल्यावर पानें बहुधा सुधारूं लागतात. मुळें भुरकीं व पोकळ असतील, बोटांनीं ओढतांच वरचें आवरण निघून आंत दोऱ्यासारखी शीर राहत असेल, तर तीं कुजलीं आहेत. अशीं मुळें स्वच्छ केलेल्या कात्रीनें कापून टाकावीं, जुना कोळसा-सोडण फेंकून द्यावें, आणि झाड नव्या, कोरड्या भरावांत लहानशा कुंडींत लावावें. पुढें कांहीं दिवस पाणी न देतां सावलींत, दमट हवेंत ठेवावें, व नवीन मुळाचें हिरवें टोंक दिसेपर्यंत खत मुळींच देऊं नये. दोन-चार टणक मुळें शिल्लक असलीं तरी झाड वांचण्याची आशा धरावी.

पाणी "दर तीन दिवसांनीं" किंवा "दर आठवड्यास" असा नियम आम्ही देत नाहीं. कोंकणांतील जुलै आणि देशावरील एप्रिल ह्यांस एकच नियम लागू पडणार नाहीं. कुंडी उचलून पाहावी, मुळाचा रंग पाहावा, आणि मग ठरवावें. पाणी सकाळीं घालावें, म्हणजे रात्र होण्यापूर्वीं पानांचीं बेचकीं सुकतात.

नवें पान वाढत असतां हवा फार कोरडी राहिली किंवा पाण्यांत खंड पडला, तर बारीक पानांच्या कांहीं जातींत पानास पंख्यासारख्या आडव्या घड्या पडतात. ह्या घड्या पुढें कितीहि पाणी घातलें तरी उलगडत नाहींत. पुढचें पान सरळ आलें, तर उपाय लागू पडला असें समजावें.

टोंकें जळणें

पानांचीं टोंकें काळीं किंवा भुरकीं होऊन मागें मागें सुकत येणें, आणि अनेक पानांवर एकसारखें होणें, हें बहुधा क्षारांचें लक्षण आहे. कुंडीच्या कांठावर व कोळशावर पांढरा थर दिसेल, आणि मुळांचीं टोंकें काळसर आढळतील. देशावरील पुष्कळ विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी जड असतें. उसास तें कसेंबसें चालतें, पण ऑर्किडच्या मुळांस चालत नाहीं, कारण येथें क्षार सामावून घेणारी माती नाहीं. ज्या पाण्यांत दर लिटरास विरघळलेले क्षार २०० मिलिग्रॅमच्या आंत आहेत, तें चांगलें. पन्हळीचें पावसाचें पाणी सांठवून ठेवल्यास त्याहून उत्तम दुसरें नाहीं.

शेतीच्या मापानें खत देणें हें दुसरें कारण. विद्राव्य खत दर लिटरास अर्धा ते एक ग्रॅम एवढेंच, वाढीच्या दिवसांत आठवड्यांतून एकदां पुरे. आणि तेंहि भराव आधीं साध्या पाण्यानें ओला करून द्यावें. महिन्यांतून एकदां कुंडीवर भरपूर साधें पाणी ओतून तें खालून वाहूं द्यावें, म्हणजे सांठलेले क्षार धुवून जातात. टोंकाचा सुकलेला भाग कापला नाहीं तरी चालतो.

थंडी

फॅलेनॉप्सिस उष्ण प्रदेशांतलें झाड आहे. निफाडच्या बाजूस किंवा विदर्भांत हिंवाळ्यांतील ज्या रात्रीं पारा १० अंशांच्या खालीं उतरतो, त्या रात्रीं बाहेर राहिलेल्या झाडाच्या पानावर पुढें कांहीं दिवसांनीं खोलगट, फिकट व मग काळपट पडणारे खड्डे दिसतात. लक्षण उशीरा दिसत असल्यामुळें त्याचा संबंध थंडीशीं कोणी जोडीत नाहीं. त्या रात्रींपुरतें झाड घरांत घ्यावें. पहाटेचें गार पाणी पानांवर ओतूं नये.

ओली कूज : येथें घाई करावी

आतां रोगांकडे वळूं. पानावर पाणी भरल्यासारखा, पारदर्शक, तेलकट डाग आला, तो दाबतांच फुटून दुर्गंधी पाणी निघालें, आणि एका दिवसांत दृष्टीस पडण्याइतका वाढला, तर ती जीवाणूंची मऊ कूज होय. फॅलेनॉप्सिसवर दुसरा एक जीवाणुजन्य रोग येतो. त्यांत प्रथम लहान, गर्द, ओले डाग पडतात, मग ते भुरके-काळे होतात व सभोंवार पिवळें वलय दिसतें. दोन्हीं रोग उबदार, दमट व कोंडलेल्या हवेंत पसरतात, आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर एका पानावरून दुसऱ्यावर जातात. रोग गाभ्यांत पोहोंचला कीं फॅलेनॉप्सिसचा शेंडा हातांत निघून येतो.

काळी कूज ही फायटोप्थोरा व पिथियम ह्या वर्गांतील सूक्ष्म जीवांमुळें होते. हिचा डाग जांभळट काळा असून कडेस पिवळट झांक असते. ती बहुधा मुळांतून किंवा कोवळ्या कोंबांतून सुरू होऊन वर चढते, आणि पानें नुसत्या स्पर्शानें गळूं लागतात. कोंकणांतील बागाइतदारांस फायटोप्थोरा परका नाहीं. सुपारीवरील कोळेरोग त्याच वंशाचा आहे. त्याचे बीजाणु पाण्यांत पोहतात. म्हणून जमिनीवर ठेवलेल्या कुंड्यांस पावसाच्या शिंतोड्यांतून हा रोग लागतो. त्याच कुंड्या मांडवीवर दोन हात उंच ठेवल्या तर पुष्कळ बचाव होतो.

दोन्हीं कुजींचा पहिला उपाय एकच. त्या क्षणीं झाड इतरांपासून दूर न्यावें. पातें ज्योतीवर तापवून रोगट भाग निरोगी भागांत सुमारें एक इंच आंत येऊन कापावा. प्रत्येक कापास पातें पुन्हा तापवावें. कापलेल्या जागीं दालचिनीची पूड किंवा गंधक लावावें. मुळांवर मात्र दालचिनी पडूं देऊं नये, कारण ती मुळें सुकविते. मग दोन-तीन दिवस पाणी बंद ठेवून भरपूर वारा द्यावा. कापलेले तुकडे खतकुंडींत न टाकतां जाळावे.

औषधाविषयीं दोन इशारे देणें आम्हांस अवश्य वाटतें. पहिला असा कीं, सुपारीवर किंवा द्राक्षावर फवारून उरलेलें बोर्डो मिश्रण डेंड्रोबियमवर मारूं नये. तांब्याचीं औषधें ह्या वर्गास बाधतात. पानें पोळतात व गळतात. फुलांवर आलेल्या कोणत्याहि ऑर्किडवर तीं वर्ज्य समजावीं. दुसरा असा कीं, कार्बेंडॅझिमसारखें बुरशीनाशक पुष्कळांच्या घरीं असतें, परंतु फायटोप्थोरा व पिथियम ह्यांवर तें चालत नाहीं. जीवाणूंवर तर नाहींच. काळ्या कुजीस मेटॅलॅक्झिलसारखें त्या वर्गावर चालणारें औषध, डब्यावर छापलेल्या मापानें वापरावें लागतें. निदानावांचून केलेला फवारा पैसा, वेळ व झाड ह्या तिन्हींचा नाश करतो, त्याचें हें उदाहरण.

करपा व ठिपके

आंब्यावर करपा आणणारी बुरशी ज्या जातीची, त्याच जातीची बुरशी ऑर्किडवरहि येते. हिचा डाग भुरका, किंचित् खोल, आणि त्यांत एकांत एक वलयें असलेला असतो. तो बहुधा टोंकाकडून किंवा पोळलेल्या जागेपासून आंत सरकतो. ही बुरशी दुबळ्या पानाचा आश्रय करते. एकदां उन्हाचा चटका बसला, मग त्या जागीं पावसांत करपा आला, असा क्रम पुष्कळदां दिसतो. तेव्हां रोगट भाग कापून हवा खेळती ठेवावी, आणि मूळ दुखापत कोणती होती हेंहि शोधावें. दुसऱ्या एका प्रकारचे ठिपके पानाच्या खालच्या अंगास पिवळे म्हणून सुरू होतात व मग वर काळे दिसतात. ह्यास्तव पान उलटून पाहण्याची संवय असावी.

कीड

पान उलटून पाहण्याचा खरा लाभ किडीच्या बाबतींत होतो. पानाचें पृष्ठ रुपेरी, बारीक टोंचल्यासारखें व निस्तेज झालें असेल, तर खालच्या बाजूवरून ओला पांढरा कापूस फिरवावा. तांबूस डाग आला तर कोळी आहेत असें समजावें. ह्यांतील कांहीं इतके बारीक असतात कीं भिंगावांचून दिसत नाहींत. कोळी हा कीटक नव्हे, म्हणून सामान्य कीटकनाशकानें तो मरत नाहीं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें खालचें अंग धुवावें, आणि प्रादुर्भाव अधिक असल्यास कोळीनाशक वापरावें. गंधकाचा फवारा ३२ अंशांवरील उष्म्यांत देऊं नये, पान पोळतें.

पानाच्या मध्यशिरेजवळ भुरके, खवल्यासारखे उंचवटे दिसले तर नखानें खरवडून पाहावें. उंचवटा सुटून आला तर ती खवले कीड. न सुटला तर तो डाग. बेचक्यांत पांढरा कापसासारखा पुंजका असेल तर पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग कुंडीवर चढत असेल तर ह्या दोहोंपैकीं एक आहे असें धरूनच शोध करावा. मात्र फुलांच्या देठावर येणारे स्वच्छ गोड थेंब निरोगी झाडासहि येतात. केवळ त्यावरून घाबरूं नये. थोड्या झाडांकरितां स्पिरिटांत भिजविलेला कापूस पुरे. दर आठ-दहा दिवसांनीं निदान तीन वेळां तरी पुसावें, कारण अंडीं मागाहून फुटतात. कडुनिंबाचें तेल दर लिटरास पांच मिलिलिटर, थोड्या साबणासह, सायंकाळीं व आधीं एका पानावर पाहून मगच वापरावें.

कोवळ्या पानास वेडींवांकडीं भोंकें व चकाकणारा चिकट माग दिसला, तर तो गोगलगाईचा उद्योग होय. रात्रीं दिवा घेऊन पाहावें व वेंचून काढावें. ती मुळांचीं हिरवीं टोंकेंहि खाते, आणि तें नुकसान पानावरून कळत नाहीं.

ज्यास उपाय नाहीं असा रोग

शेवटीं विषाणु. ऑर्किडांत सिंबिडियम मोझॅक व ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणु जगभर आढळतात. पानावर फिकट लांबट पट्टे, वलयें किंवा खोल गेलेले काळे ठिपके अनियमितपणें येतात, आणि नव्या पानांवरहि तेंच चालू राहतें. फुलांचा रंग तुटक होतो. कित्येक झाडें मात्र विषाणु बाळगूनहि निरोगी दिसतात. ह्यांवर कोणतेंहि औषध नाहीं. ते पसरतात मुख्यतः आपल्याच हातानें: एका झाडाची रसाळलेली कात्री दुसऱ्यास लावल्यानें, आणि जुन्या कुंड्या न धुतां वापरल्यानें.

नुसत्या डोळ्यांनीं विषाणूचा निर्णय करूं नये, कारण कोळी व थंडी ह्यांच्या खुणा पुष्कळदां तशाच दिसतात. संशयित झाड वेगळें ठेवावें, त्यास वेगळें पातें ठेवावें, आणि झाड मोलाचें असेल तर कृषि विद्यापीठाच्या वनस्पतिरोगशास्त्र विभागाशीं विचारविनिमय करून पानाची तपासणी करून घ्यावी. ऑर्किडांवरील संशोधनाकरितां सिक्कीममधील पाक्योंग येथें १९९६ पासून राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. विषाणु निश्चित झाला तर झाड जाळून टाकावें. पांच-सहा वर्षें पोसलेलें, फुलांवर आलेलें झाड जाळणें जिवावर येतें हें आम्ही जाणतों. परंतु एका झाडाच्या मोहानें सर्व पडवी रोगी होते. झाडें विभागून विकणाऱ्यानें तर ह्यांत दयामाया दाखवूं नये. तो आपला रोग दुसऱ्याच्या घरीं विकीत असतो.

पातें लाल होईपर्यंत तापवावें, अथवा ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणांत किंवा एक भाग घरगुती ब्लीच व नऊ भाग पाणी ह्यांत बुडवून ठेवावें. स्पिरिटानें पुसलेल्या पात्यावरचा विषाणु जातोच असें नाहीं. सर्वांत सोपें म्हणजे दर झाडास नवें दाढीचें पातें घ्यावें.

सारांश

प्रथम डाग ओला कीं कोरडा हें पाहावें. ओला असेल तर त्याच दिवशीं झाड वेगळें करून कापावें. कोरडा असेल तर रेघ ओढून थांबावें. मलूल पानास पाणी घालण्यापूर्वीं मूळ पाहावें. पान उलटल्यावांचून कीड नाहीं असें म्हणूं नये. पातें तापविल्यावांचून दुसऱ्या झाडास लावूं नये. बोर्डो मिश्रण डेंड्रोबियमपासून दूर ठेवावें. आणि औषध सर्वांत शेवटीं, कारण निश्चित झाल्यावरच हातीं घ्यावें.

आणखी एक विनंति आहे. बाजारचें झाड मेलें म्हणून कोणी रानांत जाऊन सीतेची वेणी ओरबाडून आणूं नये. रानांतलें ऑर्किड आपल्या वृक्षावरून सुटलें म्हणजे त्याचीं मुळें तुटतात, आणि घरीं तें बहुधा टिकत नाहीं. रानांत मात्र त्याची जागा भरून येण्यास वर्षें लागतात. आपल्याच बागेंतील आंब्याफणसावर तें असेल, तर तेथेंच राहूं द्यावें व पावसाच्या आरंभीं त्याचीं मुळें अवश्य पाहावीं. सर आल्यावर हिरवीं होणारीं व वाऱ्यानें पुन्हा रुपेरी पडणारीं तीं मुळें पडवींतल्या कुंडीस किती पाणी द्यावें हें ज्या स्पष्टपणें शिकवितात, तें कोणत्याहि लेखास साधणार नाहीं.